तरसाचं पान

"पुन्हा तरस हरलं!" कोन्सोलाताबाईंनी वहीत रेघ ओढली. "एकतिसाव्यांदा. अहो जावईबापू, जरा डोकं चालवा की!"

दाराजवळच्या स्टुलावर तिरपा बसलेला ओगुटू खाली बघून हसला. "तुमच्यापुढे कुणाचं डोकं चालणार, आई?"

बाईंना हे लगेच पटलं. केनियातल्या किसुमूच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला असल्या गोष्टी पटायला वेळ लागत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हा पत्त्यांचा खेळ रचायला घेतला, त्याला तीन वर्षं झाली होती. दोघांनी दहा-दहा रद्दी पानांनी सुरुवात करायची, मधल्या बाजारातून चांगली पानं उचलत आपापली गड्डी वाढवायची. आधी शंभर मासे जमवील तो जिंकला. जमवायच्या वाटा चार. कोळ्याने जाळी साठवत धीर धरायचा. कुंभारणीने रद्दी पानं भट्टीत जाळून गड्डी लहान पण चलाख ठेवायची. बाजारवालीने अदलाबदल करायची. आणि तरसाने सरळ समोरच्याच्या हातातलं पान ओढून घ्यायचं.

"एकट्या पानाला कोण विचारतो?" बाई म्हणत. "गट्टी जमली पाहिजे. जाळ्याला होडी, भट्टीला माती."

कुठलीही वाट धरा, निम्मे डाव जिंकता आलेच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. तीन वाटा जुळल्या होत्या. तरस मेलं उठतच नव्हतं.

"दुसऱ्या कुणाशी तरी खेळून बघ ना, आई," लेक अपियो मक्याच्या पिठाची उगाली वाढताना म्हणाली.

"कशाला? हा काय माझी भीड धरून हरतो का? कोळी घेऊन परवाच मला पाणी पाजलं यानं."

ते खरंच होतं. वहीत तसं लिहिलेलं होतं.

"त्याचे आजोबा सासू दिसली की रस्ता बदलायचे," अपियो हसली. "समोर बसायचं नाही, पोटभर खायचं नाही..."

"असली खुळं मी केव्हाच तळ्यात बुडवली. या घरात जावई मुलासारखा. घ्या हो, अजून घ्या मासे!"

"पोट भरलं, आई," ओगुटू म्हणाला. त्याने दोनच घास खाल्ले होते. बाईंना वाटलं, अपियोने मीठ जास्त टाकलं असणार.

बाईंचं लक्ष पानांवर होतं. ओगुटू तरसाची पानं घ्यायचा, हातात धरून बसायचा, आणि शेवटी दुसरंच काहीतरी टाकायचा. बाईंचा हिशेब सोपा होता: हातात असूनही खेळावंसं वाटत नाही, म्हणजे पान दुबळं. मग तरस एकाऐवजी दोन पानं ओढू लागलं. पुढच्या महिन्यात, ओढलेल्या प्रत्येक पानामागे दहा मासे. त्यानंतर, एक तरस खेळलं की गड्डीतलं दुसरं धावत हातात.

"आता कसं!" बाई वहीत आकडे मांडून म्हणाल्या. "आता चारही भावंडं सारखी."

शनिवारी दुपारी नैरोबीहून मुम्बुआ आली. तिचा खेळ छापायचा कारखाना होता. आवडला तर नाताळाआधी हजार पेट्या, नाहीतर तिची परतीची गाडी पाचची होती.

"मला सगळ्यात दुबळं द्या," ती बसता बसता म्हणाली. "तिथेच खेळाची लाज कळते."

"दुबळं इथे काही नाहीच," बाईंनी ऐटीत तरसाची पानं सरकवली. "बघाच तुम्ही!"

दुसऱ्या फेरीत बाईंची दोन पानं गेली. तिसऱ्या फेरीत तरसामागे तरस धावत आलं. चौथ्या फेरीला बाईंच्या हातात काहीच उरलं नाही, आणि मुम्बुआचे शंभर मासे झाले होते.

"नशीब असेल," मुम्बुआ म्हणाली. "आता तुम्ही तरस घ्या."

या वेळी चौथ्या फेरीला मुम्बुआचे हात रिकामे झाले.

तिने पानं नीट जुळवून पेटीत ठेवली. "बाई, कोळी सुरेख आहे, कुंभारीण तर फारच. पण यात चार वाटा नाहीत. एकच आहे. हे जनावर बाकीच्या तिघांना खाऊन बसलंय. मला नाही छापता येणार."

ती गेली. चहा तसाच राहिला. बाईंना रडू आवरत नव्हतं आणि राग तर त्याहून नाही.

"चाळीस डाव!" त्या स्टुलाकडे वळल्या. "चाळीस डाव हेच पान तुमच्या हातात होतं! एकदाही का नाही खेळलात?"

ओगुटूने मान वर केली नाही.

"आई, तुमच्याच घरात बसून तुमच्या हातातलं ओढून घेऊ?"