शेजारणीची वाटी

काचेच्या पेटीत यमुनाबाईंची अपुऱ्या दिवसांची नात झोपली होती. यमुनाबाईंचा सोमवारचा उपास. हात जोडून त्या पेटीशी बसल्या होत्या. इतक्यात पेटी हळूच म्हणाली, "आजची ऊब भास्कर मुळीक यांच्या प्राप्तिकरातून."

आता सगळंच असं बोलायचं. रस्त्यावरचा दिवा असो की सरकारी दवाखान्यातलं यंत्र, ज्याच्या करावर चालायचं त्याचं नाव सांगायचं.

यमुनाबाईंचे यजमान केशवराव चपापले. मुळीक त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्यासारखाच लग्नाच्या पंगतींची कामं घेणारा. तो पै न पै दाखवून कर भरायचा, म्हणून केशवराव त्याला चारचौघांत 'हरिश्चंद्र' म्हणून चिडवायचे. स्वतः मात्र निम्म्या पंगती लपवायचे.

"नेमका हाच सापडला पेटीला!" ते पुटपुटले.

"देवानं पाठवला म्हणा."

नात बाळसं धरून घरी निघाली, तेव्हा यमुनाबाई रिकाम्या पेटीपाशी थबकल्या. "अहो, शेजारणीची वाटीसुद्धा आपण कधी रिकामी परत करत नाही. चिमूटभर साखर तरी घालतोच ना?"

त्या वर्षी केशवरावांनी एकही पंगत लपवली नाही.

पुढं नातीला लस टोचायला यमुनाबाई दवाखान्यात गेल्या. पेटीत दुसरंच इवलंसं बाळ होतं. "आजची ऊब केशव शेंड्ये यांच्या प्राप्तिकरातून," पेटी म्हणाली.

"कोण हो हे?" बाळाच्या आईनं विचारलं.

"आहेत एक हरिश्चंद्र," यमुनाबाई म्हणाल्या आणि नातीचं टोपडं सारखं करू लागल्या.