संथ ठोके

तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होते. त्यातून किती रक्त भलत्या वाटेने जाते, हे एमआरआयवर मोजल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय होणार नव्हता. आणि मोजणीसाठी ठोके एका लयीत हवे होते. ती यंत्रात आडवी झाली. तंत्रज्ञ बाईंनी काचेअलीकडून ते सुरू केले, तोच शेजारी बसलेला तिचा नवरा माइकवर वाकला.

"घाबरू नकोस गं, मी इथेच आहे."

पडद्यावरचे ठोके उसळले. मोजणी वाया गेली.

दुसऱ्यांदाही तेच. "मी आहे ना बाहेर," तो म्हणाला, आणि ठोके पुन्हा सैरावैरा धावू लागले.

"अहो, तुमचा आवाज ऐकला की बाईसाहेबांचं काळीज उड्या मारतं," तंत्रज्ञ बाई हसल्या. "जरा चहा घेऊन या बघू."

तो खुशीत गेला. बाईंनी माइक ओढला. "ते चहाला गेलेत हं."

ठोके संथ झाले, रात्रीच्या तळ्यासारखे. सगळी मोजणी एका दमात पार पडली.

ती बाहेर येऊन चपला घालू लागली, तेव्हा तंत्रज्ञ बाईंनी दार हलकेच लोटून घेतले.

"ताई, तुम्हाला न्यायला दुसरं कुणी येऊ शकेल का?"