बोंबलांपुरता वारा

वेगवान रेल्वेगाडीला आडव्या वाऱ्याचा धक्का बसू नये म्हणून खाडीपुलाच्या कडेने उंच पत्रे लावले, आणि खालच्या कोळीवाड्यात वलांडीच्या बांबूंवर टांगलेले बोंबील सुकेनासे झाले. अलिबागच्या सरकारी कचेरीत तीन खेपा घालूनही कुणी दाद देईना. चौथ्यांदा सगळी मासळी कुजली, तेव्हा वाड्यातल्या चंद्राबाईने पहाटे जाऊन पुलाच्या टोकाचे दोन पत्रे स्वतःच्या हाताने सोडवले.

दुपारी वारा सुसाट सुटला. बोंबील कडकडीत वाळत असतानाच रेल्वेत ड्रायव्हर असलेल्या लेकाचा, धनेशचा फोन आला. "आये, आजपासून पुलावरची ती वेगवान गाडी माझ्याकडं. आता निघतोय. पुलाखाली उभी राहा, हॉर्न देतो."

"धनेश, नको निघू! वारा लय हाय रं!"

गाडी सुटण्याआधी फोन बंद करता करता तो हसला.

"पत्रे हायत ना, आये."