गौराक्कांची विहीर

नरसय्या चिट्यालांच्या रंगखान्याचं पाणी बावीस वर्षं गौराक्कांच्या विहिरीत झिरपलं. विहीर लाल झाली, त्या दिवसापासून गौराक्का त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्यांनीच निरोप धाडला होता.

भर उन्हात नरसय्या ओढ्याकडेनं निघाले. त्यांच्या मुलीनं, श्रीदेवीनं, तिथं काचा मांडल्या होत्या. काचांवर झिंक ऑक्साइडचा, किंचित लोह मिसळलेला, डोळ्यांना न दिसणारा थर होता. ऊन पडलं की तो थर वरून वाहणाऱ्या पाण्यातला रंग तोडून टाकी. आता गावातल्या प्रत्येक रंगखान्यामागे अशा काचा होत्या. गौराक्कांच्या विहिरीचं पाणीही श्रीदेवीनं वर्षभर या काचांवरून फिरवलं होतं. "काचेनं कुठं रंग जातो का?" म्हणून नरसय्याच तिला हसले होते.

गौराक्का विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी पेला भरून पुढे केला.

"तपासणीचा कागद म्हणतोय, पाणी चांगलं हाय. मला कुठं कागद वाचता येतोय? आधी तुमी प्या."

या विहिरीत काय काय उतरलं होतं, ते नरसय्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी पेला रिकामा केला.

"कसं हाय?"

"गोड आहे, अक्का." त्यांनी पेला परत दिला. "चुकलं माझं. फार उशिरा सांगतोय."

गौराक्कांनी स्वतःसाठी पेला भरला आणि त्या सावकाश प्यायल्या.

"उशीर झालाच," त्या म्हणाल्या. "बसा आता. भाकरी खाऊन जावा."