बिनमासळीचा वार

दामाजीनं जिताडा ओट्यावर ठेवला तेव्हा त्याची बायको भागीरथी दुधी चिरत होती. जाड पाठीचा, हातभर लांब जिताडा. कोलशेतच्या खाडीत असा मासा जाळ्याला लागल्याचं अलीकडे कुणी ऐकलं नव्हतं. दामाजीच्या पायांचा चिखल लादीवर उमटला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

“आज गुरुवार हाय,” मान वर न करता भागीरथी म्हणाली.

बिनमासळीचा सोमवार या घरात पहिल्यापासून पाळला जाई. गुरुवार आणि शनिवार भागीरथीनं दिवाळीनंतर वाढवले. विचारणाऱ्याला ती दोन कारणं सांगायची. एक, ठाण्याच्या डॉक्टरनं दामाजीचं प्रेशर बघून पालेभाजी, डाळ, कडधान्य खायला सांगितलंय. दुसरं, घरात बाळ येणार, कमावता एकटा मुलगा उत्तम, तेव्हा चार पैसे वाचलेले बरे. शेजारणींना ते पटायचं. दामाजीला पटत नसे.

“भाजी तू बाजारातून इकत आनतेस. मासली मी खाडीतून फुकट आनतो. मंग वाचतंय काय?”

याचं खरं उत्तर भागीरथीला तोंडातून काढायचं नव्हतं. खाडीच्या मासळीला घासलेटचा वास यायचा. पलीकडच्या कंपन्यांचं पाणी खाडीत उतरायला लागल्यापासून आधी बोय गेली, मग कोळंबी. जे उरलं ते धुऊन, मीठ चोळून, चिंच दुप्पट घालूनही जिभेला लागायचं. ती मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, “खाडीची का?” आणि पुढे जायचं. शेवटी तिनं बसणं सोडलं. घरात मात्र कुणी बोलत नसे. कालवण झालं की दामाजी विचारायचा, “कसं झालंय?” आणि सगळे म्हणायचे, “बेस.” उत्तम तुकडा न चावता गिळायचा आणि वर तांब्याभर पाणी प्यायचा. तो त्याच कंपन्यांपैकी एकीत कामाला होता. पाण्याचा विषय निघाला की तो उठून बाहेर जाई.

गावातल्या बाकीच्यांनी होड्या विकल्या होत्या. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झाला. दामाजी मात्र भरती बघून अजून निघायचा. बिनमासळीच्या वारीसुद्धा दोन निवट्या आणून स्वतः तव्यावर टाकायचा आणि सगळ्यांसमोर काटे चोखत बसायचा. म्हाताऱ्याचं नाक गेलं, असं भागीरथीनं मनाशी धरलं होतं. एका अर्थी तिला ते बरं वाटायचं. ज्यानं जन्मभर खाडीवर घर चालवलं, त्याला तेवढं तरी कळू नये.

“वारबीर मना सांगू नको,” दामाजी म्हणाला. “सुनेला सातवा लागलाय. तिच्यासाठी आनलाय.”

भागीरथीनं दुधी बाजूला सारला. जिताड्याच्या पोटात सुरी घातली आणि तो वास वर आला. तिनं तोंड फिरवलं, लसूण ठेचला, आणखी ठेचला.

रात्री चौघं जेवायला बसली. दामाजीनं स्वतःच्या हातानं मधला तुकडा सून शीलाच्या ताटात वाढला.

“तिला नको,” भागीरथी घाईनं म्हणाली. “डॉक्टर नाय बोललाय.”

“कुठला डॉक्टर जिताड्याला नाय बोलतो?” दामाजीचा आवाज चढला. “आमच्या आयांनी पोटुशी असताना काय दुधी खाल्ला? का मी आनलेला चालत नाय तुमाला?”

उत्तमनं मान खाली घातली. शीलानं सासूकडे पाहिलं. भागीरथीच्या डोळ्यांत तिला कळायचं ते सगळं दिसलं असणार, कारण तिचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, “असू दे आई. मामांनी एवढ्या हौसेनं आणलाय. खाते मी.”

तिनं तुकडा मोडला. भाकरीत घेतला. नवऱ्याचं मन मोडायचं की पोटातल्या जिवाला जपायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि भागीरथीला तेवढं ठरवता येत नव्हतं. शीलाचा हात तोंडाशी गेला.

दामाजीनं तो मनगटाला धरला.

सासऱ्यानं सुनेच्या हाताला हात लावायची या घरात रीत नव्हती. घास ताटात पडला. दामाजी त्या घासाकडे बघत होता.

“खाऊ नको, पोरी,” तो म्हणाला. “घासलेट मारतंय.”

त्यानं शीलाचं ताट उचललं, त्यातला तुकडा स्वतःच्या ताटात घेतला. मग उत्तमच्या ताटातला घेतला. भागीरथीच्या ताटातलाही. सगळं आपल्यापुढं ओढून तो बसला, पण हात लावेना.

“तुमाला वास येतो?” भागीरथीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“येतो.”

“कवापासून?”

“तुमाला यायला लागला तवापासून.”

“मंग खाता कशाला?”

दामाजीनं मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात भागीरथीनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

“मी खात होतो तवर,” तो म्हणाला, “खाडी जिती होती गो.”