पुंजाराम गुरुजींचा दहावा

कावळा शिवत नव्हता. सायखेड्याच्या घाटावर पिंड मांडून बराच वेळ लोटला होता. श्रद्धांजलीची भाषणे संपली होती, माईक बंद झाला होता, आणि काठावरच्या पिंपळावर बसलेले कावळे खालच्या गर्दीकडे तोंडी परीक्षेच्या परीक्षकांसारखे पाहत होते.

सर्वांत अवघडून गेले होते ते दिवाकर. नाशिकच्या तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले हे अध्यापक पुंजाराम गुरुजींचे पट्टशिष्य. गुरुजींनी हयातभर गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगितली होती: आधी कारण शोधा, मग हवे तर हात जोडा. 'माझा दहावा घालू नका' असेही ते बजावून गेले होते. पण त्यांच्या पत्नीने, कुसाबाईंनी, तेवढे ऐकले नाही. दिवाकरांनी परोपरीने समजावले. त्या इतकेच म्हणाल्या, "दिवाकरभाऊ, येवढं एकदा होऊ द्या." आणि आज ऐन वेळी 'ऊन सोसत नाय' म्हणून त्या स्वतः खुर्च्या आणणाऱ्या टेम्पोच्या आड जाऊन बसल्या होत्या.

कावळा शिवला, तर गाव म्हणणार, शेवटी गुरुजींनाही दहावा लागलाच. नाही शिवला, तर म्हणणार, जगाला शिकवता शिकवता ह्यांचाच जीव अडकला. दिवाकरांना दोन्हीकडून नापासच दिसत होते.

अखेर ते उठले. "मंडळी, कावळा माणसांना बुजतो. सगळ्यांनी पायऱ्या चढून वर या पाहू."

मंडळी वर गेली. कावळे जागचे हलले नाहीत.

"सर, ह्यो प्रश्न सिलॅबसच्या भायेरचा निघाला!" मागून कोणीतरी म्हणाले. दहाव्याच्या दिवशी हसू नये म्हणून लोकांनी उपरणी तोंडाला लावली.

"घरच्यांनी बोलावं," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "काही इच्छा मागे राहिली असेल त्यांची."

गुरुजींचे धाकटे भाऊ नाथा पुढे झाले. नुकत्याच केलेल्या गोट्यावर ऊन चकाकत होते. त्यांनी हात जोडले. "दादा, वहिनीला कधी अंतर द्यायचो नाय."

पिंपळावर शांतता.

"तुझ्या वाचनालयाचे पत्रे बदलून देतो."

एका कावळ्याने पंख झाडले. गर्दीने श्वास रोखला. कावळा उडाला, आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

दिवाकर ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "गुरुजी, तुमचं चरित्र दिवाळीपर्यंत लिहून पुरं करतो." एवढे बोलताच त्यांची नजर आपोआप पिंपळाकडे गेली. आपण काय केले हे लक्षात येताच ते घाईघाईने चष्मा पुसू लागले.

तेव्हा गुरुजींचे बालमित्र भिमाजी काठी टेकत उठले. "नाथ्या, पत्र्याचं काय सांगतो रे? तुझा भाऊ वरीसभर तुझ्या ओट्यावर का चढला नाय, ते बोल की!"

ते कारण सगळ्या गावाला ठाऊक होते. नाथांची मुलगी तेजस्विनी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि पुढच्या महिन्यात तिचे लग्न ठरले होते. मुलगा पिंपळगावच्या द्राक्षवाल्याचा. कॉलेज सुटणार होते. त्यावरूनच गुरुजींनी भावाशी बोलणे टाकले होते. मान खाली घालून उभ्या असलेल्या तेजस्विनीने आता हळूच वर पाहिले.

"दादा, सुपारी फुटली हाय," नाथा काकुळतीला आले. "लोक काय म्हनतील?"

"काव!" वरून उत्तर आले.

ह्या वेळी उपरण्यांनाही हसू आवरले नाही. नाथांच्या गोट्यावरून घाम ओघळला. त्यांनी पिंपळाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, पुन्हा पिंपळाकडे पाहिले.

"बरं बाबा, तुझंच खरं! पोरीचं शिक्षण पुरं झाल्याबिगर लगीन नाय. आजच पिंपळगावला जाऊन सांगतो. मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या देखत बोललो."

टेम्पोच्या आडून कुसाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देत, एकेक पायरी उतरत पिंडापाशी आल्या आणि वाकून नमस्कार करू लागल्या. त्यांची पाठ सरळ व्हायच्या आत पिंपळ रिकामा झाला. आधी एक, मग सगळेच कावळे खाली आले. भाताची शितेही उरली नाहीत.

"दादा पावला!" नाथांनी हंबरडा फोडला. तेजस्विनी बापाच्या गळ्यात पडली. लोक डोळे पुसत पंगतीकडे वळले.

दिवाकर मात्र जागेवरच खिळले होते. आयुष्यभर घट्ट धरून ठेवलेली शिकवण हातातून निसटल्यासारखे त्यांना वाटत होते. पायऱ्या चढणाऱ्या कुसाबाईंना त्यांनी गाठले.

"वहिनी, माझी तर मतीच गुंग झाली. गुरुजींनी खरंच…"

"दिवाकरभाऊ," कुसाबाईंनी त्यांना अर्ध्यावरच थांबवले. "ह्यांनी तुम्हाला काय शिकवलं? कारण हुडका म्हणूनच ना? आमचं परसदार त्या पिंपळाखालीच हाय. रोज सकाळची भाकरी मीच टाकते कावळ्यांना. परक्या मानसांत ते उतरायचे नाय, अन् मी दिसले का थांबायचे नाय."

त्यांनी बापाच्या खांद्यावर डोके टेकलेल्या तेजस्विनीकडे एकवार पाहिले आणि आवाज खाली आणला.

"म्हणून तर पोरीचं ठरेपर्यंत टेम्पोआड बसून ऱ्हायले."