नाव घ्या

“केंद्राच्या संस्थापकांचं पूर्ण नाव?” जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, आणि पन्नाशीच्या केशरबाईंनी नव्या नवरीसारखा पदर तोंडाला लावला.

“पाटीवर हाय की,” त्या म्हणाल्या. “तिथनं उतरवून घ्या.”

“मग उखाण्यात घ्या!”

“सरकारी कागदावर उखाणा चालतो व्हय?”

साहेब हसत उठले. पुढच्या दारावरच्या पाटीवरून ‘महारुद्र धोंडीबा’पासून आडनावापर्यंत सगळं अर्जात उतरवून आले.

लग्न झाल्यापासून केशरबाईंनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. घरात ‘हे’, चारचौघांत ‘चेअरमन’. दूध सोसायटीच्या या चेअरमननीच परंड्यातलं आपलं रिकामं घर केंद्राला दिलं होतं. हल्ली मात्र त्यांना इकडं फिरकायला सवड नव्हती. आजही ऐनवेळी कुर्डुवाडीचं काम निघालं होतं.

केंद्र चालवायच्या त्या केशरबाईच. दुष्काळात बायका कामावर जायच्या, आणि तिथं अब्रूवर हात पडला तर गिळून गप्प बसायच्या. अशा बायकांना आसरा, दवाखाना आणि वकील देणाऱ्या केंद्रांना सरकार आता अनुदान देणार होतं. आजवर वर्गणीवर रेटलं, पण या दुष्काळात वर्गणी मागायची कुणाकडं? अनुदान आलं नाही तर केंद्राला कुलूप, आणि आतल्या बायका रस्त्यावर.

“अर्जातल्या त्या मुलीला बोलवा,” साहेब म्हणाले.

चांगुणा मागच्या दारानं आली. बौद्धवाड्यातली पोर, रोजगार हमीवर खडी फोडणारी. चौथी शिकलेली; औषधाच्या बाटल्या वाचून इतर बायकांना डोस तीच द्यायची. पहिल्या दिवशी पुढच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ती थबकली होती आणि मागं फिरली होती. तेव्हापासून तिची ये-जा परसातूनच. रस्त्यावरच्या नजरांना भीत असेल, म्हणून केशरबाईंनी कधी टोकलं नाही.

“तू ओरडली का नाहीस?” साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

केशरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेब, तुमच्या घरात चोर शिरला तर तुमाला आसंच इचारत्यात का?”

“माझ्यावर कशाला चिडता? नियम आहे. गुन्हेगाराचं नाव नाही तर गुन्हा नाही. गुन्हा नाही तर पीडित नाही. आणि पीडितच नाही तर अनुदान कशाचं?”

वा रे नियम! पोरीच्या अंगावरचे वळ खोटे, कागदावरचं नाव तेवढं खरं. हा कायदा करणाऱ्यांना एकदा खडीवर आणून बसवायला हवं होतं.

पण आतल्या बायका केशरबाईंच्या डोळ्यांपुढं होत्या. त्यांनी राग गिळला आणि चांगुणाच्या पाठीवर हात ठेवला. खडीवरचा मुकादम कोंडिबा बायकांच्या हजेरीशी खेळतो, हे सगळ्या परंड्याला ठाऊक होतं. मनातल्या मनात केशरबाईंनी त्याला केव्हाच फासावर चढवलं होतं.

“घे नाव, पोरी. त्या कोंडिबाचंच नं? भिऊ नगंस. आमच्या ह्यांस्नी सांगते. त्याला तालुक्यात तोंड वर काढू देणार न्हाईत.”

चांगुणानं मान हलवली. “कोंडिबा न्हाय, बाई. त्यानंच तर मला हितं आणून सोडलं.”

“मग कोण?”

“तुमच्यापुढं न्हाय येत त्येचं नाव तोंडात. तुमी लई केलंय माझं.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “राहू द्या. नाव नाही, विषय संपला.”

“संपला कसा?” केशरबाई कडाडल्या. त्यांनी चांगुणाचं मनगट धरलं. “चल पोलिसात. माझ्यापुढं घेत न्हाईस तर तिथं घे. म्या बाहीर हुबी ऱ्हाते. पर त्या मुडद्याला आज सोडणार न्हाय!”

त्यांनी तिला पुढच्या दाराकडं ओढत नेलं. उंबऱ्याशी येताच चांगुणानं हात हिसडला आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

“आगं, कुणाला भितीस येवढी?”

केशरबाईंनी बाहेर डोकावलं. वेशीत पाण्याचा टँकर लागला होता, सगळं गाव तिकडं पळालं होतं. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. त्यांनी एकवार चांगुणाकडं पाहिलं. पोरीची नजर दाराच्या वरच्या बाजूला खिळली होती, खाली यायला तयार नव्हती.

केशरबाईंनी दारातच तिच्या नजरेमागं मान वर केली. साहेबांनी कागद आवरून पिशवीत भरले, तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग त्या आत आल्या आणि साहेबांच्या समोर बसल्या. पदर खांद्यावरच होता, तोंडाकडं गेला नाही.

“काढा पेन,” त्या म्हणाल्या. “लिवा गुन्हेगाराचं नाव.”

“सांगा.”

“पाटीवर हाय. तिथनं उतरवून घ्या.”